देवगुराडियाचा गॅस, दादांचे ट्रक

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरचा ओला कचरा जातो शहराच्या कडेच्या देवगुराडियाला. तिथल्या प्लांटची सुरुवातीची क्षमता रोज 550 टन कचऱ्याची. त्यातून सुमारे 17,000 किलो बायो-सीएनजी, म्हणजे कचरा कुजवून मिळवलेला, दाबून भरलेला इंधन-गॅस. 2022 पासून सिटी बस त्यावर धावतात. मग दादांचे ट्रक का नाहीत?

दादांची ट्रान्सपोर्ट देवास नाक्याला. ते म्हणतात, "मुंबईच्या वाटेत गॅस भरायला रांगा कोण लावणार? आणि टाक्यांचं वजन वाढलं की तेवढा माल कमी." खरंच आहे. 200 बारला, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे 200 पट, दाबूनही गॅस डिझेलच्या कितीतरी पट जागा खातो. लांब पल्ल्याला तो उणे 162 अंशांवर द्रवरूप करून भरलेला बरा.

हा गॅस जळला की धुरातला कार्बन भाजीपाल्याने हवेतूनच घेतलेला, म्हणून हवेतल्या कार्बनचा हिशेब जमतो. पण या गॅसमधला मुख्य घटक, मिथेन, न जळता गळला की कमाईवर पाणी: शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापवतो. याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, याचा मला राग येतो.

माझं म्हणणं, रात्री घरी परतणाऱ्या, जवळच्या पिथमपूर औद्योगिक भागाच्या गाड्यांपासून सुरुवात करा. दादा म्हणाले, "एक गाडी बघू." वहिनींनी लगेच विचारलं, "हप्ता किती?"