नकाशांची वही: पान ३१ पर्यंत

काल रात्री आलेखाच्या वहीचं एकतिसावं पान भरलं. दिवाळीनंतर ठरवलं होतं की दर शनिवारी एक स्लॅशर, म्हणजे एकेकाला गाठून मारणाऱ्या मारेकऱ्याचा भयपट, बघायचा, सालवारीने, १९६० पासून पुढे. सिनेमा संपला की मागे न नेता, आठवणीतूनच त्या घराचा प्लॅन काढायचा. दारं कुठे, जिना कुठे, टेलिफोन कुठे, मारेकरी कुठून आला, मुलगी कुठून पळाली. चोपड्याला एका इंजिनिअरकडे मी दिवसभर हेच करतो, लोकांच्या घरांचे प्लॅन काढतो, त्यामुळे हात आपसूक तिकडे वळला. सात-आठ पानं झाल्यावर एक गोष्ट लक्षात आली. ज्या सिनेमाचा प्लॅन मला धड काढता येत नाही, त्या सिनेमाने मला घाबरवलेलंही नसतं.

तेव्हापासून हीच माझी कसोटी आहे. ती कुठे टिकली आणि कुठे तुटली, ते लिहून ठेवतोय.

पान १ अर्थातच 'सायको', १९६०. याच्याइतकं सोपं पान पुन्हा आलं नाही. बारा खोल्यांचं मोटेल, एका टोकाला ऑफिस, ऑफिसला लागून एक नंबरची खोली, मधल्या भिंतीला भोक, आणि मागे टेकाडावर ते उभट घर. शॉवरचा प्रसंग पडद्यावर पाऊण मिनिटाचा, पण चित्रीकरणाला आठवडा लागला. हिचकॉकला तिथे आधी संगीतच नको होतं. बर्नार्ड हरमनने नुसत्या तंतुवाद्यांवर ती किंचाळी बसवली आणि मग त्याने ती ठेवली. रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलं, कृष्णधवल असल्यामुळे ते खपून गेलं. हे सगळं आपल्यातल्या बहुतेकांना माहीत असेल. मला स्वतःला जास्त धडकी भरते ती जिन्यावरच्या खुनाची. गुप्तहेर जिना चढत असतो, आणि तो वर पोचता पोचता कॅमेरा एकदम छताला जाऊन खाली बघतो. माझ्या धंद्याच्या भाषेत तो शॉट म्हणजे अक्षरशः प्लॅन आहे: जिन्याची शेवटची पायरी, मधली मोकळी जागा, उजवीकडचं दार. दार उघडतं आणि आकृती सरळ रेषेत चालत येते. चेहरा लपवायला कॅमेरा वर नेला, हे खरं. पण वरून बघताना त्या माणसाला पळायला जागा किती कमी आहे, हेही आपल्याला एका क्षणात मोजता येतं.

'टेक्सास चेनसॉ मॅसकर' (१९७४) पुन्हा बघितला तो भर उन्हाळ्यात, कूलर लावूनही भिंती तापलेल्या असताना. हा सिनेमा खानदेशातल्या माणसाला वेगळा कळतो, असं मला मनापासून वाटतं. तो टेक्सासच्या उन्हाळ्यातच चित्रित झालाय, आणि जेवणाच्या टेबलाचा प्रसंग बंद खोलीत, ३८ अंशांच्या वरच्या उकाड्यात, सलग एक दिवसाहून जास्त वेळ चालला होता. त्या चेहऱ्यांवरचा घाम मेकअपवाल्याचा नाही. रक्त आठवतं त्याहून फारच कमी आहे. आठवतं ते लोखंडी सरकतं दार. तरुण आत डोकावतो, पाय अडखळतो, हातोडा पडतो, दार खाड्कन बंद. दोन-तीन सेकंदांत संपलं. पुढे कितीतरी वेळ आपण त्या बंद दाराकडेच बघत राहतो. माझ्या वहीत त्या पानावर घराच्या बाकीच्या भिंती फिकट आल्यात आणि ते एक दार पेन्सिल दाबून काढलंय.

पान ९, 'हॅलोवीन', १९७८. या पानावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, तीन शनिवार. ३ लाख डॉलरच्या आसपास बजेट, तीन आठवड्यांचं चित्रीकरण, दुकानातून आणलेला 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा मुखवटा पांढरा रंगवलेला, आणि दिग्दर्शक जॉन कारपेंटरने स्वतः बसवलेलं पाच मात्रांचं पियानोचं संगीत. माहिती सगळीकडे मिळते. नकाशा मात्र काढून बघा. एक रस्ता, समोरासमोर दोन घरं. एका घरात नायिका लॉरी मुलं सांभाळतेय, समोरच्या घरात तिची मैत्रीण. निम्मा सिनेमा आपण या खिडकीतून त्या दाराकडे बघत असतो. लॉरी शेवटी रस्ता ओलांडून तिकडे जाते तेव्हा ती किती पावलं चालते, ते आपल्याला माहीत असतं. म्हणून परत पळत येताना दार बंद असतं, किल्ली नसते आणि मुलगा वर झोपलेला असतो, तेव्हा तीच पावलं मागे मारेकरी चालत येताना आपण मोजत असतो. तो पळत नाही. त्याला गरजच नाही, अंतर त्यालाही माहीत आहे.

आणि तो एक शॉट. लॉरी अंधाऱ्या दाराशेजारी भिंतीला टेकून रडतेय. मागचं दार नुसतं काळं. मग त्या काळ्यातून हळूहळू, फोटो धुताना कागदावर उमटावा तसा, पांढरा मुखवटा उमटतो. कॅमेरामन डीन कंडीने त्या मुखवट्यावर बारीकसा दिवा ठेवून तो हळूहळू वाढवत नेला होता. आवाज नाही, झटका नाही. मी हा शॉट अकरा वेळा बघितला. दर वेळी तो नेमका कधी दिसायला लागला, ते सांगता आलं नाही.

शेवटाला प्रेत पडलेल्या जागी प्रेत नसतं. मग कारपेंटर एकेक रिकामी जागा दाखवतो: दिवाणखाना, जिना, समोरचं घर, पहिलं घर. वर फक्त श्वासाचा आवाज. माझी वही त्याने १९७८ सालीच काढून ठेवली होती.

'फ्रायडे द थर्टीन्थ' (१९८०) बद्दल माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही. न्यू जर्सीतलं खरंखुरं शिबिर आहे, तळं आहे, पण कुठली झोपडी कुठे, हे शेवटपर्यंत कळत नाही. कोण मेलं हे कुणालाच कळत नसतं, कारण सगळे अंधारात आपापल्या दिशेला गेलेले. पान निम्मं कोरं राहिलं. तरीही हा सिनेमा मी मेकअप आणि खोट्या जखमा करणाऱ्या टॉम सॅव्हिनीच्या हातासाठी जपतो. केव्हिन बेकनच्या गळ्यातून बाण वर येतो त्यासाठी पलंगाला भोक पाडून त्याचं डोकं वर काढलं होतं, गळा आणि छाती खोटी, खाली माणसं. ऐन वेळी रक्ताच्या पंपाची नळी निसटली तेव्हा खालच्या सहायकाने नळीत तोंडाने फुंकर मारली, आणि रक्त उसळलं. तो टेक सिनेमात आहे. अशा हातकामापुढे मी डोकं टेकवतो. मारेकरी जेसनचा हॉकीचा मुखवटा तिसऱ्या भागात, १९८२ ला आला, आणि पुढचे भाग त्या मुखवट्यावरच चालले. आठव्या भागात (१९८९) न्यूयॉर्कच्या नावाखाली बराचसा वेळ जहाजावर काढलाय. जहाज म्हणजे स्लॅशरला आयती मिळालेली जागा, बाहेर पडायला पाणीच. पण त्या जहाजाचा मजला कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे दिग्दर्शकाने एकदाही सांगितलं नाही. जेसन हवा तिथे उगवतो. हवा तिथे उगवणाऱ्याची भीती वाटत नाही.

'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट' (१९८४) ने कसोटी पहिल्यांदा वाकवली. स्वप्नात बेडरूमला लागूनच बॉयलर रूम असते, प्लॅन काढणार कसा? तासभर खोडरबर चालवल्यावर मी एका पानावर दोन नकाशे काढले. जागेपणीचं घर शाईने, स्वप्नातलं पेन्सिलने. आणि मग दिग्दर्शक वेस क्रेव्हनने काय केलंय ते दिसलं. नायिका नॅन्सी शेवटी स्वप्नात येऊन मारणाऱ्या फ्रेडीला पेन्सिलच्या घरातून शाईच्या घरात ओढून आणते, जिथे प्रत्येक दाराला तिने सापळा लावलेला असतो. पलंगावरच्या भिंतीतून तो वाकून बघतो ती भिंत म्हणजे ताणलेलं स्पँडेक्सचं कापड होतं. एवढ्या साध्या युक्तीने आजही अंगावर काटा येतो.

सिनेमाच्या अभ्यासक कॅरल क्लोव्हरने १९८७ च्या लेखात 'फायनल गर्ल' हा शब्द दिला. शेवटी जी मुलगी उरते ती सोज्वळ म्हणून उरते, असं त्यावरून सरसकट बोललं जातं. माझ्या वहीत तरी ती उरते कारण तिला घर माहीत असतं. बाकीचे दुसऱ्याच कशात गुंतलेले असतात, तिने खिडकीबाहेर बघितलेलं असतं.

'स्क्रीम' (१९९६) च्या सुरुवातीला तर फोनवरचा माणूस तोंडानेच विचारतो, मी कुठल्या दाराशी आहे? पुढचं की अंगणाकडचं? हा प्रश्न कुणा घाबरट माणसाला नाही, नकाशा काढणाऱ्याला विचारलेला आहे. आणि आई-वडील घरात येऊन दुसऱ्या फोनवर पोरीचा श्वास ऐकतात, ती बाहेर, हाकेच्या अंतरावर. त्यानंतर मी वही मिटून ठेवली होती. त्या रात्री प्लॅन काढलाच नाही, दुसऱ्या दिवशी काढला.

अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ताई माहेरी आली. झोके, गाणी सगळं उरकल्यावर रात्री म्हणाली, "तू शनिवारी काय बघत बसतोस ते मलाही दाखव." क्रम मोडून तिच्यासाठी 'ब्लॅक ख्रिसमस' (१९७४) पुन्हा लावला. मुलींचं वसतिगृह, घाणेरडे फोन, आणि फोन करणारा त्याच घरात. टेलिफोन एक्स्चेंजमधला माणूस यंत्रांच्या रांगांमधून धावत धावत कॉल शोधतो, तिथे ताईने माझा हात घट्ट धरला. सिनेमा संपला, मारेकरी सापडला नाही, माळ्यावरची प्रेतं कुणी बघितलीच नाहीत. ताई उठली, स्वयंपाकघरातल्या माळ्यावर टॉर्च मारून आली. तिथे बिबड्यांचे डबे होते, दुसरं काही नाही. मग वहीतलं माझं जुनं पान बघून म्हणाली, "शिडी इथे नाही. वसतिगृह सांभाळणारी बाई मांजर शोधायला चढते ना, तिथे आहे." पुन्हा लावून बघितलं. ताईचं बरोबर होतं. पान दुरुस्त केलं, तिची सही घेतली.

याच सिनेमाचा २००६ चा रिमेक वहीतलं सगळ्यात वाईट पान आहे. मारेकऱ्याचं अख्खं बालपण सांगितलंय, त्याची आई, त्याचा आजार, सगळं. २००७ च्या 'हॅलोवीन'मध्ये तेच. पहिल्याच सिनेमात सहा वर्षांचं पोर हातात सुरी घेऊन अंगणात उभं राहतं आणि चेहऱ्यावर काहीच नसतं, त्या 'काहीच नाही'ची भीती होती. तिथे कारणं भरली की मारेकरी केस-पेपर होतो. १९८१ च्या दुसऱ्या भागात लॉरी त्याची बहीण निघते, तिथूनच ही खोड लागली. मला तो हॉस्पिटलचा लांब कॉरिडॉर आवडतो, पण नातं काढल्यावर रस्त्यावरची कुठलीही मुलगी सुरक्षित झाली, एक सोडून.

कसोटी पूर्ण तुटली ती 'सायको'च्या १९९८ च्या रिमेकवर. जवळजवळ शॉटला शॉट तोच, जिनाही तसाच. पान १ वर ट्रेसिंग ठेवलं तर बऱ्याचशा रेषा जुळतील. आणि भीती शून्य. दोन दिवस हे डोक्यात घोळत होतं. आता प्रत्येक पानाच्या कडेला दुसरा रकाना केलाय: 'वाट'. खुनाच्या आधी किती वेळ थांबवलं, आणि त्या वेळात मला त्या माणसाची काळजी वाटली का. १९६० मध्ये नायिका चोरलेले पैसे परत करायचं ठरवून आंघोळीला जाते, तिच्या चेहऱ्यावरून ओझं उतरलेलं दिसतं. १९९८ मध्ये मी फक्त पुढचा शॉट ओळखत बसलो होतो. ज्या सिनेमाला मरणाऱ्यापेक्षा सुरी जास्त आवडते, तो माझ्यासाठी तिथेच संपतो.

'झपाटलेला' (१९९३) चं पान सगळ्यात शेवटी, वेगळं. स्लॅशर नव्हे, पण माझी सुरुवात तिथून आहे. रामदास पाध्यांचा तो बाहुला टीव्हीवर बघितला तेव्हा मी पहिलीत होतो. त्याचा प्लॅन काढताना कळलं की उंची दीड-दोन फूट असली की घर बदलतं. पलंगाखाली, डब्यामागे, खाटेच्या पायाशी, सगळीकडे दारंच दारं.

आता चालू काम. गेल्या महिन्यापासून एकच लांब शॉट घ्यायचा प्रयत्न करतोय, मारेकऱ्याच्या नजरेतून, आमच्या केळीच्या बागेत. केळी सहा बाय पाच फुटांवर लावलेली. नाकासमोर बघितलं की सरळ गल्ली शेवटपर्यंत दिसते, अर्धं पाऊल बाजूला सरकलं की खोडांची भिंत. वाळकी पानं लोंबतात, त्यांचा आवाज माणूस चालल्यासारखाच येतो. रात्री लाईट आली की मोटार चालू करायला जावंच लागतं, तेव्हाच मोबाईल छातीशी धरून चालतो. चौथ्या टेकला शेजारचे आबा पाणी धरायला आले होते. त्यांची बॅटरी फिरली आणि आवाज आला, "कोन शे रे तठे?" मी बोललोच नाही पटकन, शॉट चालू होता. आबा दोन पावलं मागे सरकले, बॅटरी हलायला लागली. मग म्हटलं, "मी शे आबा." घरी येऊन ते बघितलं. एकोणीस सेकंद. बॅटरीच्या उजेडात पानं पांढरी, मागे म्हातारा माणूस, त्याचा चेहरा दिसत नाही, फक्त उजेड थरथरतोय. सगळ्या टेकमधलं हे सगळ्यात चांगलं आहे, आणि मी ते पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आबांकडे जाऊन सांगितलं काय करत होतो ते. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग मी परत उभा राहू का?"

पाचवा टेक येत्या शनिवारी आहे. आबा डीपीजवळ उभे राहतील, बॅटरी त्यांचीच. मी पूर्वेच्या बांधावरून आत शिरणार, ठिबकच्या मुख्य नळीच्या कडेने बत्तीस खोडं मोजून डावीकडे वळणार. प्लॅन काढून ठेवलाय, पान ३२.