टोमॅटो वाकडा, हरळी ताठ

सोसायटीने कंपाउंडच्या कडेने तणनाशक मारून घेतलं आणि आठवड्याभरात आमच्या पहिल्या मजल्यावरच्या बाल्कनीत टोमॅटोचे शेंडे पिळवटले. तुळस, जास्वंद यांचीही नवी पानं मुडपलेली. अरेका पाम मात्र ठणठणीत. नर्सरीवाला म्हणाला, "बोकड्या आहे, मॅडम, फवारा मारा." (बोकड्या म्हणजे पानं मुडपण्याचा रोग.) एकाच वेळी तिघांना बोकड्या?

मामांची जालन्याकडे कपाशी आहे. फोटो बघताच त्यांचा फोन आला, "अगं, हे टू-फोर-डी, तणनाशक. शेजारच्याने उसात मारलं तरी आमच्या कपाशीची पानं भेंडीसारखी होतात."

खात्री करायची तर नेमकं काय मारलं ते कळायला हवं, आणि इथेच सगळं अडलं. सेक्रेटरी म्हणाले, "गवताचं औषध." कंत्राटदार म्हणाला, "चांगल्या कंपनीचं आहे, झाडांना काही होत नाही." (मग तण काय हसून मरतं?) बिलावर नुसतं 'फवारणी काम'. लेखी अर्ज द्या म्हणाले, दिला. कमिटीची मीटिंग पार्किंगवरच संपली. पुढच्या वेळी, "साहेब गावी गेलेत." कीटकनाशक कायदा १९६८चा, डब्यावर रसायनाचं नाव छापावंच लागतं. डबा बघून एक ओळ सांगायची, त्यात गुपित कसलं? मला अजून राग येतो.

शेवटी डबा मीटर रूममध्ये सापडला. वॉचमन त्यात पाणी भरणार होता! तो आधी काढून घेतला. लेबलवर: २,४-डी इथाईल ईस्टर, ३८ टक्के. ईस्टर या प्रकारातल्या २,४-डीची उन्हात वाफ होते, म्हणून थेंब न उडताही ते वर आलं. आणि ते मारतं रुंद पानांचं तण. गवताला फारसं काही होत नाही. कंपाउंडमधली हरळी अजून मजेत आहे.

नाव लागतं ते यासाठी की प्रत्येक तणनाशक वेगळं वागतं: ग्लायफोसेट मातीला घट्ट चिकटतं, कुंडीतल्या मुळांना सहसा त्रास देत नाही. २,४-डी मुळांतूनही आत जातं, पण जिवाणू ते काही आठवड्यांत संपवतात. पॅराक्वाट असतं तर एक-दोन दिवसांतच जिथे थेंब तिथे करपलेले डाग दिसले असते. मी संशयित कुंडीत चवळीचे दाणे टाकले. रोपं सरळ आली, तेव्हा माती फेकायची वाचली.

मुडपलेली पानं सुधारत नाहीत, नवी फूट सरळ येते का ते बघा. खत मारून जोर लावू नका. टोमॅटो मी उपटला, तुळशीची पानं चहात घालणं बंद केलं. जास्वंद सावरली.

हो, झाडांवर थेंब उडाले असतील तर लगेच भरपूर पाण्याने पानं धुवा, दुसऱ्या दिवशी धुऊन उपयोग नाही. आणि फवारणीची नोटीस लागली की आधी लेबलचा फोटो व्हॉट्सॲपवर मागा. आमच्याकडे आता मागतात.