कडेने नव्हे, मार्गिकेतून

लालबागला वाढत असताना सायकलबद्दल मला एकच शिकवण मिळाली होती : कडेने चालव. लंडनला आल्यावर स्थानिक पालिकेच्या मोफत सायकल प्रशिक्षणाला नाव नोंदवले आणि पहिल्याच दिवशी प्रशिक्षकांनी ती सवय मोडायला घेतली. गटाराला चिकटून जाणारा सायकलस्वार मागच्या चालकाच्या नजरेत नीट येत नाही, शिवाय जागा अपुरी असतानाही त्याला घासून पुढे निघण्याचा मोह चालकाला होतो, हे त्यांनी रस्त्यावरच दाखवून दिले.

तिथेही वाहने डावीकडूनच चालतात, म्हणून हे मला मुंबईसाठी विशेष मोलाचे वाटते. 29 जानेवारी 2022 रोजी सुधारलेल्या ‘हायवे कोड’नुसार, म्हणजे ब्रिटनच्या वाहतूक-नियमांच्या पुस्तिकेनुसार, शांत रस्त्यावर, संथ वाहतुकीत आणि चौकाजवळ सायकलस्वाराने मार्गिकेच्या मध्यातून चालावे, वाहतूक वेगाची असेल तर कडेपासून किमान अर्धा मीटर, आणि उभ्या गाड्यांपासून साधारण एक मीटर अंतर राखावे. या सूचना आहेत, सक्ती नाही. लाल सिग्नलला थांबणे आणि अंधारात पुढे पांढरा व मागे लाल दिवा लावणे मात्र कायद्याने बंधनकारक आहे, आणि पदपथावर सायकल चालवणे तर 1835 च्या कायद्यानुसार गुन्हाच आहे.

उभ्या गाडीचे दार अचानक उघडणे हा सायकलस्वाराला मोठा धोका. त्यासाठी तिथे चालकाने उजवीकडचे दार डाव्या हाताने उघडावे असे सांगतात, कारण तसे करताना अंग आपोआप वळते आणि मागून येणारी सायकल दिसते. आपल्याकडे टॅक्सी पदपथापासून दूर, रस्त्यातच थांबते आणि प्रवासी डावीकडचे दार उघडून उतरतो. नेमक्या त्याच फटीतून आपण सायकल काढत असतो. बसचेही तसेच. थांब्याकडे किंवा डावीकडे वळणाऱ्या बसच्या डाव्या अंगाने घुसू नये, कारण उंचावर बसलेल्या चालकाला शेजारची सायकल दिसेलच असे नाही. तिच्या मागे थांबण्यात अर्धा मिनिट जातो, तो जाऊ द्यावा.

या सुट्टीत माझा भाचा लालबागहून माटुंग्याला कॉलेजात सायकलने जाऊ लागल्याचे कळले, तेव्हा रविवारी पहाटे मी त्याच्याबरोबर निघाले. “मावशी, मध्ये चाललो तर मागचे हॉर्न वाजवतील,” तो म्हणाला. वाजवतीलच, पण हॉर्न वाजवणाऱ्याने आपल्याला पाहिलेले असते. हिंदमाताजवळ उजवीकडे सरकण्याआधी त्याने खांद्यावरून मागे पाहिले, हात लांब केला, आणि मागची टॅक्सी खरोखरच हळू झाली. त्याच्या सायकलला मागचा दिवा मात्र नव्हता. दुकाने उघडेपर्यंत आम्ही माटुंग्यातच थांबलो आणि दिवा बसवूनच परत फिरलो.