तळ वाळला, कील बसल्या: मच्छेच्या शेडमधली मार्चअखेरची नोंद

तळावरचा इपॉक्सीचा (दोन भाग मिसळले की घट्ट होणाऱ्या रेझिनचा) शेवटचा हात गेल्या आठवड्यात झाला आणि दोन्ही कील, म्हणजे तळाखालचे होडी तोलून धरणारे जड लोखंडी पंखे, आपापल्या जागी परत बसल्या. २४ फुटी, फायबरग्लासची, दोन कीलची ही शिडाची होडी दिवाळीनंतर मांडवीच्या काठावरून ट्रकवर चढवली, तेव्हा "समुद्राकाठची होडी घाटावर कशाला न्यायलायस गा?" असं जवळपास प्रत्येकाने विचारलं. रुंदी अडीच मीटरच्या आत असल्याने ती ट्रकच्या बाहेर आली नाही. मोले, अनमोड, रामनगर, खानापूर करत बेळगावजवळ मच्छेला मेहुण्यांच्या शेडमध्ये उतरली. का आणली याचं उत्तर आता तळावर हात फिरवून देता येतं. म्हणून वाळवण्याच्या कामाबद्दल सविस्तर लिहितो, बाकीचं थोडक्यात.

फायबरग्लासची होडी गळत नसली तरी पाणी पिते. बाहेरचा जेलकोट, म्हणजे रेझिनचा गुळगुळीत थर, पाण्याचा अंश हळूहळू आत सोडतो. आत पॉलिस्टर रेझिनमधले काही घटक त्या पाण्यात विरघळून दाट, आंबट द्रव तयार होतो आणि तो ऑस्मोसिसने आणखी पाणी ओढून घेतो. दाब वाढला की जेलकोटखाली फोड उठतात. आपल्याकडे समुद्राचं पाणी बारा महिने कोमट, त्यामुळे हे थंड देशांपेक्षा लवकर घडतं. आमच्या होडीला पाण्याच्या रेषेखाली ठिकठिकाणी फोड होते. उघडले की व्हिनेगरचा वास शेडभर.

प्रत्येक फोड ग्राइंडरने उघडला, खालचं पांढरं पडलेलं काचतंतूंचं मॅट घट्ट थर लागेपर्यंत काढलं. मग गोड्या गरम पाण्याने धुणं, वाळू देणं, पुन्हा धुणं. ह्या टप्प्यावर कुणीही घाई करू नये असं मी कळकळीने सांगेन. आतला आंबट अंश धुऊन निघाला नाही, तर वरून कोरडा दिसणारा तळ नव्या थराखालीही पाणी ओढत राहतो आणि दोन-तीन वर्षांत तेच फोड परत येतात.

धुतल्यावर लागते ती कोरडी हवा, आणि ती किनाऱ्यावर मिळत नाही. गोव्याच्या यार्डात जानेवारीतही पहाटे होडीवरून दव ठिबकतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच. पावसाळ्यात इथे भिंतींना बुरशी येते, कणकुंबी-जांबोटीकडे तर विचारायला नको. पण डिसेंबर ते फेब्रुवारी पूर्वेकडून कोरडा वारा सुटतो, ओठ फुटतात, टाकलेलं वाळवण संध्याकाळपर्यंत कडकडीत होतं. शेडच्या दोन्ही बाजू उघड्या ठेवून तो वारा आम्ही तळाखालून जाऊ दिला. ओल तपासायला फूटभर चौरस पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी टेप लावून तळावर चिकटवायचं आणि त्यावर ऊन पडू द्यायचं. तळात पाणी असेल तर आतून थेंब धरतात. सुरुवातीला दुपारपर्यंत प्लास्टिक धुरकट व्हायचं. जानेवारी संपताना ते आतून कोरडं राहू लागलं. मॉइश्चर मीटरही वापरला, पण त्याचा आकडा एकट्याने धरू नये. जेलकोटखालचे क्षार आणि जवळचा धातू दोन्ही तो फुगवून दाखवतो.

इपॉक्सीला इथली थंडी सांभाळावी लागली. तापमान १० अंशांनी वाढलं की मिसळलेलं इपॉक्सी जवळपास निम्म्या वेळात धरतं, हे किनाऱ्यावर काम करणाऱ्यांना ठाऊकच असतं. इथे उलटी बाजू सांभाळायची. रात्री पारा १४-१५ पर्यंत उतरतो, वर दव पडलं की अर्धवट धरलेल्या थरावर मेणचट साय येते. ती साध्या पाण्याने आणि खरखरीत पॅडने घासून काढल्याशिवाय पुढचा हात धरत नाही. म्हणून सकाळी दहा ते दुपारी दोन एवढाच वेळ इपॉक्सी लावायचा, त्यानंतर ब्रश हातात नाही.

कीलचं काम हे ह्या होडीचं बेळगावात येण्याचं दुसरं कारण. दोन्ही कील बिडाच्या ओतीव, एकेक अडीचशे किलोच्या घरात. त्या सोडवून उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत नेल्या. तिथल्या मामांची सगळी हयात ग्रे आयर्न, म्हणजे हेच बीड, ओतण्यात गेलेली. त्यांनी खिशातली पट्टी काढून कीलच्या खालच्या कडेला खरवडलं, तर काळा भुगा निघाला. "ह्यातलं लोखंड खाल्लंय बघ पाण्यानं, नुसतं ग्रॅफाइट राहिलंय," म्हणाले. खारं पाणी ग्रे आयर्नमधलं लोखंड विरघळवतं आणि ग्रॅफाइटचा सांगाडा मागे ठेवतं. आकार तसाच दिसतो, ताकद गेलेली असते. सुदैवाने खोली दोन-तीन मिलिमीटरच होती. शॉट ब्लास्टिंगने, म्हणजे बारीक छऱ्यांच्या माऱ्याने, तो थर काढून चंदेरी धातू उघडा केला आणि त्याच दुपारी, गंज धरायच्या आत, इपॉक्सी प्रायमर मारला. मामांनी पैसे घेतले ते फक्त मजुरीचे. "समुद्रात जायची वस्तू हाय, नीट कर," एवढं बजावलं.

कीलचे बोल्ट मूळचे गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेल्या) पोलादाचे होते, नवेही तसेच लेथवर करून गॅल्व्हनाइज करून घेतले. स्टेनलेस का नाही, असं बरेच जण विचारतात. स्टेनलेसला स्वतःवरचं संरक्षक कवच टिकवायला प्राणवायू लागतो. कील आणि तळ यांच्या फटीत पाणी साचून राहिलं की तो मिळत नाही आणि बोल्ट मधूनच कुरतडला जातो, तोही वरून चकचकीत दिसत असताना.

हाच रोग चेनप्लेटला. डोलकाठीच्या तारा जिला बांधतात ती पट्टी जिथे डेकमधून आरपार जाते, तिथेच ती झिजते. पट्ट्या काढून त्याच फाउंड्रीत डाय पेनेट्रंटने तपासल्या. लाल रंग लावायचा, पुसायचा, वर पांढरा डेव्हलपर फवारायचा. चीर असेल तिथे लाल रेघ उमटते. कास्टिंग तपासायला हे तिथे रोजच चालतं. दोन पट्ट्यांवर भोकाजवळ रेघा उमटल्या, म्हणून सगळ्याच बदलायचं ठरवलं. नव्या ३१६ प्रतीच्या स्टेनलेसच्या आहेत. ३०४ आणि ३१६ दिसायला सारख्या, पण ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या पाण्यात तोच फरक पडतो. कडांना आरशासारखं पॉलिश करून घ्या. खरखरीत कडेत मीठ बसतं.

चेनप्लेटभोवती डेकच्या दोन थरांमधलं प्लायवूड कुजलं होतं. हातोडीच्या दांड्याने ठोकत गेलं की खणखणीत आवाज जिथे बद्द होतो तिथे खडूने रेघ मारायची. वरचा थर कापून कुजकं लाकूड काढलं, नवं मरीन प्लाय घट्ट इपॉक्सीत बसवलं. बोल्टची भोकं आधी मोठी पाडून इपॉक्सीने भरली आणि मग त्यात योग्य मापाची पाडली, म्हणजे सील उद्या सुटलं तरी पाणी लाकडापर्यंत पोचत नाही. केबिनच्या कडांना दांडेलीचा साग लावतोय. सागाला तेल असतं, चिकटवायच्या जरा आधी ॲसिटोनने पुसून घ्यावा.

लाकूड आणि इपॉक्सीच्या जोडीवर माझा विश्वास बसला तो 'म्हादेई'मुळे. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली ही ५६ फुटी नौका, सीडरच्या पट्ट्या, फायबरग्लास आणि इपॉक्सीची. २००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे हिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. जिचं नाव ह्या नौकेला दिलं ती म्हादेई नदी आमच्याच खानापूर तालुक्यात उगम पावते, याचा अभिमान मला आहे.

शिडं डॅक्रॉन ह्या पॉलिस्टर कापडाची, कापड अजून कडक आहे. उन्हाने आधी दोरा मरतो. नखाने ओढला की तुटत होता. शहापुरातल्या एका काकूंकडे झिगझॅगचं जड मशीन आहे. यूव्ही सहन करणारा पॉलिस्टर दोरा आम्ही दिला, त्यांनी प्रत्येक शिवणीवर नवी शिवण घातली. इंजिनाचा पंप शहरातच कॅलिब्रेट झाला. वायरिंगला हात लावलेला नाही. कलई केलेली तांब्याची वायर मिळाल्याशिवाय लावणारही नाही, कारण साधी वायर खाऱ्या हवेत आतून काळी पडते.

यंदा पाण्यात उतरवत नाही. जूनपासून किनारा बंदच, आणि वाळवलेली होडी पावसाआधी पाण्यात टाकण्यात अर्थ नाही. मृगाच्या आत डेकची सगळी भोकं बंद, पावसाळाभर आतली सुतारकी, आणि दसऱ्यानंतर अनमोड उतरून गोवा. पहिली सफर वेंगुर्ल्यापर्यंत. हिवाळ्यात दुपारी वायव्येकडून खारा वारा तोंडावर येतो, म्हणून पहाटेच्या मतलईवर काठ धरून उत्तरेला सरकायचं आणि दुपारी नांगर टाकायचा.

सध्या डोलकाठी घोड्यांवर आडवी आहे. ॲल्युमिनियमच्या काठीत स्टेनलेसचे स्क्रू पांढऱ्या गंजाने जाम झालेत. हीट गन, गंज सोडवणारं तेल आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर असं आलटूनपालटून चालू आहे. अर्धे निघाले. उरलेले ड्रिलने काढावे लागले तर भोकं एक माप मोठी करून नवा आटा पाडू, आणि बसवताना दोन धातूंमध्ये जस्ताची पेस्ट भरू.