माळ घातली, आणि तिसरी रात्र

आमच्याकडे दारू सोडायची एकच रीत माहीत आहे. माळ घालायची. मीही आषाढीला गावच्या विठ्ठलमंदिरात घातली. आमचा वर्धा जिल्हा कागदावर दारूबंदीचा, पण मोहाची नाल्याकाठी मिळते आणि देशी घरपोच येते. आधी मी फक्त रात्री प्यायचो. २०१७ ला बोंडअळीनं कापूस खाल्ला, तेव्हापासून दुपारीच सुरू व्हायची.

माळ घातल्यावर दुसऱ्या दिवशी हात इतके थरथरले की चहाची बशी धरवेना. घाम, उलट्या, डोळ्याला डोळा नाही. मला वाटलं, देव परीक्षा पाहून राहिला. तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्यांची रांग दिसू लागली, आणि वारलेले बाबा दाराशी येऊन बसले. मी त्यांच्याशी तुरीच्या भावावर बोलत होतो म्हणे. माय म्हणाली, "याले बाहेरचं लागलं," आणि लिंबू उतरवलं. बायकोनं मात्र पहाटेच शेजाऱ्याच्या गाडीत टाकून मला सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात नेलं.

तिथं डॉक्टरांनी जे सांगितलं ते आमच्या गावात मला कोणीच सांगितलं नव्हतं. दारू मेंदूला मंद करते. रोज पिणाऱ्याचा मेंदू त्यावर तोड म्हणून स्वतःला जास्त जागं ठेवायला शिकतो. दारू एकदम काढली की तो तसाच भडकलेला राहतो. पहिल्या दोन दिवसांत फिटचे झटके येऊ शकतात, त्यानंतर असा भ्रम होतो, आणि उपचार नसले तर माणूस जीवानिशी जाऊ शकतो. मला शांत करणाऱ्या गोळ्या दिल्या, त्या रोज थोड्या कमी करत नेल्या. बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनंही दिली. माझी श्रद्धा कमी पडली नव्हती, शरीराला औषध हवं होतं, हे कळल्यावर मी खाटेवर पडून खूप रडलो.

बायकोनं एक गोष्ट तेव्हाच कबूल केली. दारू सुटावी म्हणून कोणीतरी दिलेली पुडी ती वर्षभर लपून माझ्या भाजीत टाकत होती. डॉक्टर तिच्यावर ओरडले नाहीत. दारू प्यायल्यावर त्रास व्हावा अशी औषधं असतात, पण ती रोग्याला सांगून, तपासण्या करूनच द्यायची. न सांगता दिली आणि तो प्यायला, तर जीवावर बेतू शकतं, एवढं समजावलं. पुडीत काय होतं ते कोणास ठाऊक. तिच्या मनातली भीती मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली.

मला वाटलं, सुट्टी झाली म्हणजे सुटलो. खरं काम नंतर होतं. समुपदेशक ताईंनी वही दिली. तलफ कधी येते, तेव्हा कोण सोबत असतं, मनात काय असतं, ते लिहायचं. पंधरा दिवसांत दिसलं की संध्याकाळी वावरातून परतताना येते, आणि कर्जाचा विषय निघाला की येते. बाबा गेल्यावर मी कोणाजवळ काही बोललोच नव्हतो, तेही त्या वहीतच सापडलं. तलफ चढते तशी उतरते, बहुतेक वेळा अर्ध्या तासात. तेवढा वेळ मी बैलांना पाणी दाखवायचो, त्यांना खरारा करायचो.

पोळ्याच्या करीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, घसरलो. त्या दिवशी आमच्याकडे अख्खं गाव पितं. शरमेनं माळ काढून खुंटीला टांगली आणि दवाखान्यात जायचं नाही असं ठरवलं. बायको म्हणाली, "वहीत लिवा, अन् चला." ताईंनी विचारलं, "भाऊ, किती घेतली? कोणासोबत? त्याआधी काय झालं होतं?" मी सगळं सांगितलं. पुढच्या करीला सासरी जायचं, हे आम्ही तिघांनी तिथंच ठरवलं.

आता महिन्यातून एकदा जातो. ताई बायकोशीही वेगळं बोलतात. कापूस विकायला यंदा ती सोबत येणार आहे, पैसे तिच्या खात्यात जमा होतील. जाणं जमत नसेल त्यांच्यासाठी टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं. पण रोज पिणाऱ्याचे हात थरथरत असतील तर फोनवर थांबू नका, त्याला आधी दवाखान्यात न्या. माळ खुंटीवरून माझ्या गळ्यात मायनंच पुन्हा घातली.