पहिल्या पावसात कॅमेऱ्याने नाकारलेली कास्टिंग्ज

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतींमधील फाउंड्र्यांत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यांत, मी गेली अनेक वर्षे गुणवत्ता विभागात काम करतो. आमच्या कारखान्यात ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक यंत्रणेसाठी लागणारे बिडाचे हाउसिंग, म्हणजे बाहेरचे कवच, ओतले जाते. शॉट ब्लास्टिंग (धातूच्या बारीक गोळ्यांच्या माऱ्याने सफाई) आणि फेटलिंग (कडांवरचा जादा धातू काढणे) झाल्यावर प्रत्येक कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, निरीक्षकाच्या टेबलावर येते आणि तो ते प्रकाशात फिरवून, कडांवरून बोट फिरवून ब्लोहोल (वायूमुळे पडलेली छिद्रे), वाळूचे कण किंवा कोल्ड शट (धातू नीट न जुळल्याची रेघ) शोधतो. पाळी संपत आली की डोळे थकतात आणि एखादे छिद्र नजरेतून निसटते, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून गेल्या हिवाळ्यात या टेबलाच्या आधी कॅमेरा, वर्तुळाकार दिवा आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी तपासणी बसवण्यात आली.

कॅमेऱ्याने तपासणी करण्याचा विचार उद्योगात नवा नाही. परंतु जुन्या पद्धतीत किती गडद ठिपका दोष समजायचा, त्याचा आकार किती, हे सगळे नियम माणसाला आधी लिहून द्यावे लागत, आणि बिडाच्या खडबडीत पृष्ठभागावर वाळूचा नैसर्गिक पोत आणि खरा दोष यांतला फरक अशा नियमांत कधी नीट बसलाच नाही. २०१२ साली इमेजनेट या छायाचित्रे ओळखण्याच्या स्पर्धेत टोरोंटो विद्यापीठाच्या चमूने न्यूरल नेटवर्कच्या जोरावर मोठी आघाडी घेतली, तेव्हापासून उदाहरणांवरून शिकणारी पद्धत कारखान्यांपर्यंत पोहोचू लागली. आमच्या प्रणालीला नियम दिले नव्हते. तिला चांगल्या आणि सदोष कास्टिंग्जची छायाचित्रे दिली होती. त्या प्रत्येक छायाचित्रावर ‘चालेल’ की ‘रिजेक्ट’ हे आमच्या ज्येष्ठ निरीक्षकांनी ठरवले होते, ज्यांना सारा कारखाना अण्णा म्हणतो.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीत कॅमेऱ्याने एकापाठोपाठ एक कास्टिंग्ज नाकारायला सुरुवात केली. एरवी लाल पेटीत तुरळक माल जमतो. त्या दिवशी चहाच्या सुट्टीपर्यंत पेटी भरली आणि माल जमिनीवर ठेवावा लागला. मशिनशॉपकडे जाणारी गाडी दारात उभी होती. उत्पादन विभागाचे म्हणणे होते की यंत्र बिघडले आहे, ते बंद करून जुन्या पद्धतीने माल पुढे सोडावा. बहुतेक कास्टिंग्जकडे पाहिले तर त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. ब्लास्टिंगनंतर रात्रभर दमट हवेत राहिलेल्या मालावर गंजाची पातळ तांबूस झाक चढली होती, आणि प्रणालीला शिकवलेली सारी छायाचित्रे कोरड्या महिन्यांतली, चकचकीत करड्या पृष्ठभागाची होती. गंजाचे डाग तिला दोषासारखे दिसत होते.

अण्णांनी मात्र कॅमेरा बंद करू दिला नाही. “साहेब, आधी सगळा माल वेगळा करून बघू, मग ठरवा,” एवढेच म्हणून त्यांनी दोन माणसे घेतली आणि नाकारलेला माल तारेच्या ब्रशने घासून टेबलावर मांडायला लावला. घासल्यावर बहुतांश कास्टिंग्ज निर्दोष निघाली. जी उरली, त्यांच्यावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे होती, आणि ती सर्व एकाच बाजूला, कोअरला (आतली पोकळी घडवण्यासाठी साच्यात ठेवलेल्या वाळूच्या ठोकळ्याला) लागून असलेल्या वरच्या भिंतीवर होती. त्यातले एक आम्ही कापून पाहिले. वरच्या कातडीखाली त्याहून मोठी पोकळी होती. ते कास्टिंग मशिनिंगला गेले असते तर तेलाचा मार्ग गळका निघाला असता.

अण्णा तडक कोअर शॉपकडे गेले. रेझिनने बांधलेल्या वाळूचे कोअर दमट हवेत ओलावा ओढतात. तेराशे अंशांहून अधिक तापलेले बीड भोवती आले की त्या ओलाव्याची वाफ होते, आणि तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर ती धातूतच अडकते. आदल्या दिवशीचे उरलेले कोअर पावसाच्या बाजूच्या खिडकीजवळ उघड्या रॅकवर रात्रभर ठेवले गेले होते आणि पहाटेच्या हीटमध्ये, म्हणजे भट्टीतून एका वेळी ओतलेल्या मालात, तेच वापरले होते. त्या हीटचा सारा माल आम्ही थांबवला, उरलेले कोअर ओव्हनमध्ये वाळवले आणि गाडी दुपारनंतर सोडली.

या प्रसंगाकडे पाहताना मला १९८० च्या सुमारास अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कंपनीने वापरात आणलेली एक्सकॉन ही प्रणाली आठवते. संगणकाची मागणी आली की कोणते भाग एकत्र बसवायचे, हे ती तज्ज्ञांकडून लिहून घेतलेल्या नियमांवरून ठरवत असे. उत्पादने वाढली तसे नियम हजारोंनी वाढले आणि त्यांची देखभाल हेच मोठे काम होऊन बसले. आज नियमांची जागा छायाचित्रांनी घेतली आहे, पण ते ओझे गेलेले नाही. हवामान बदलते, ब्लास्टिंगची गोळी झिजते, दिव्यावर धूळ बसते, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी जाणकाराने नवी छायाचित्रे पाहून निवाडा द्यावा लागतो. कॅमेरा विकणाऱ्यांच्या दरपत्रकात हे काम सहसा दिसत नाही. ते न करता कारखान्यांनी ही यंत्रणा घेतली, तर पहिल्या पावसातच ती बंद पडून कोपऱ्यात जाईल असे मला मनापासून वाटते.

आमच्याकडे आता गंजलेल्या पण निर्दोष मालाची छायाचित्रे प्रशिक्षणात घातली आहेत आणि ब्लास्टिंग व तपासणी यांतला वेळ कमी केला आहे. कोअरच्या रॅकवर तारीख आणि पाळी लिहिलेली चिठ्ठी लागते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर ‘चालेल’ आणि ‘रिजेक्ट’ यांच्या जोडीला ‘अण्णांना दाखवा’ असा तिसरा पर्याय आम्ही सॉफ्टवेअर पुरवठादाराकडून करून घेतला. छायाचित्रे तपासण्याचे अण्णांचे तास कुशल कामाच्या दराने धरावेत आणि त्यांच्या हाताखाली दोन तरुण निरीक्षक तयार करावेत, असा प्रस्ताव मी व्यवस्थापनाकडे दिला आहे. त्यातली तरुणांची मागणी मान्य झाली आहे. दराचा निर्णय अजून व्हायचा आहे, आणि त्यासाठी माझा पाठपुरावा सुरू आहे.