आमची वाटचाल : पाट्यांच्या दुकानापासून अमूर्त चित्रांपर्यंत

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमच्या वडिलांचे, म्हणजे आण्णांचे, पाट्या रंगवण्याचे दुकान होते. पत्र्यावर रेड ऑक्साईडचा एक हात, त्यावर इनॅमलचे दोन हात, खडू लावलेल्या दोरीने मारलेल्या रेषा आणि मग अक्षरे, अशा क्रमाने एक पाटी पुरी व्हायला दोन-तीन दिवस लागत. फ्लेक्सची यंत्रे शहरात आल्यावर तेच काम दोन तासांत आणि निम्म्याहून कमी पैशांत होऊ लागले, तेव्हा मी डीटीपीचा वर्ग पुरा केला आणि दुकानाच्या पुढच्या भागात एक संगणक मांडून फ्लेक्सची डिझाइन्स करून द्यायला सुरुवात केली. त्या काळी बाजारातल्या बहुतेकांप्रमाणे आमच्याही संगणकात फोटोशॉप कॉपी केलेल्या सीडीवरूनच आले होते, हे इथे लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

फ्लेक्सच्या धंद्यात वाढदिवसाच्या शुभेच्छा हे बारमाही पीक असते. चेहरे पेन टूलने कापून बसवणे हे काम सरावाचे होते. माझा वेळ जायचा तो चेहऱ्यांच्या मागच्या बाजूवर. क्लाउड्स फिल्टरने ढगाळ पोत तयार करायचा, त्याचीच प्रत उलटी फिरवून डिफरन्स मोडमध्ये त्यावर ठेवायची, पोलर कोऑर्डिनेट्सने सारे गोल गुंडाळायचे आणि नको तिथे मास्कने झाकून टाकायचे, यात रात्रीचे अकरा वाजत. डिफरन्स मोड दोन थरांतील रंगमूल्यांची वजाबाकी करतो, त्यामुळे जिथे दोन्ही थर सारखे तिथे काळे पडते आणि जिथे फरक तिथे अनपेक्षित रंग उमटतात. हे गणित मला पुढे कळले. त्या वेळी नुसती गंमत वाटत असे. एकदा एक आर्किटेक्ट त्यांच्या कार्यालयाच्या उद्घाटनाचा फ्लेक्स न्यायला आले आणि म्हणाले, ‘यातली माणसं काढून नुसती मागची बाजू द्याल का? भिंतीवर लावायची आहे.’ आमचे पहिले अमूर्त चित्र असे विकले गेले.

पहिले मोठे काम मात्र पूर्ण अंगाशी आले. एका दवाखान्याच्या प्रतीक्षा-कक्षासाठी २४ बाय ३६ इंचांची तीन चित्रे हवी होती, आणि डॉक्टरांनी पडद्यावर पाहून गडद निळ्या रंगाची पसंत केली होती. छापून आल्यावर तो निळा जांभळट आणि मळका दिसत होता, आणि वरपासून खालपर्यंत अलगद गडद होत जायला हवा असलेला भाग अंगणात सडा घालताना हात चुकावा तसा पट्ट्यापट्ट्यांनी उतरला होता. आण्णांनी चित्र उन्हात नेऊन पाहिले आणि म्हणाले, ‘ह्या निळ्यात लाल शिरलाय गं.’ डॉक्टरांनी चित्रे परत केली, छपाईचा खर्च आमच्या अंगावर पडला, आणि पुढचे सहा महिने आम्ही पुन्हा वाढदिवसांवरच काढले.

आण्णांचे निदान अगदी अचूक होते. पडदा लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाने रंग दाखवतो, तर नेहमीची छपाई सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी अशा चार शाईंनी होते. पडद्यावरचा लखलखीत निळा या शाईंच्या आवाक्यातच नसतो, आणि तो सायन व मॅजेंटा मिसळून साधायला गेले की मॅजेंटा वरचढ होऊन रंग जांभळ्याकडे झुकतो. पट्ट्यांचे कारण वेगळे होते. ८ बिटच्या फाईलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, पण गडद निळ्यापासून त्याहून थोड्या गडद निळ्यापर्यंतच्या प्रवासाला त्यातल्या जेमतेम ४० येतात. ३६ इंच म्हणजे ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) १०,८०० पिक्सेल. ते ४० पायऱ्यांत वाटले की प्रत्येक पायरी २७० पिक्सेल, म्हणजे जवळजवळ एक इंच रुंद होते, आणि एक इंचाचा पट्टा कोणाच्याही डोळ्याला दिसणारच. तेव्हापासून आम्ही १६ बिटमध्ये, जिथे पायऱ्या कितीतरी अधिक असतात, काम करतो आणि शेवटी सगळ्या चित्रावर अगदी बारीक नॉइज, म्हणजे वाळूसारखा दाणा, टाकतो; मग उरलीसुरली पायरीही त्या दाण्यात विरघळून जाते.

१६ बिटचा भुर्दंड संगणकाला बसला. या मापाचा एकच थर सुमारे ४६७ एमबीचा होतो, आणि आमचा संगणक होता ४ जीबी रॅमचा. फोटोशॉपच्या नेहमीच्या पीएसडी फाईलला २ जीबीची मर्यादा असते, हे मला एका रात्री दहा थरांचे काम जतन होईना तेव्हा कळले. पीएसबी नावाचा मोठ्या फाईलींचा प्रकार त्यासाठीच आहे. नवा संगणक, पडद्याचे रंग मोजणारे कॅलिब्रेटर आणि परवान्याचे सॉफ्टवेअर यांसाठी पतसंस्थेचे कर्ज काढले. २०१३ नंतर फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या वर्गणीवरच मिळू लागल्या. एका संगणकाची वर्गणी आम्ही भरतो, आणि दुसऱ्यावर माझा भाऊ मोफत मिळणाऱ्या गिंप आणि क्रिटावर काम करतो. २०१८ च्या गिंप २.१० पासून त्यातही ८ बिटच्या पुढे जाता येते, त्यामुळे आता अडत नाही.

आज आमच्या चित्राची सुरुवात बहुधा फिल्टरने होत नाही, तर उद्यमनगरातच होते. फाउंड्रीच्या मागे टाकलेली मळी, म्हणजे वितळलेल्या बिडावरून (ओतीव लोखंडावरून) काढून टाकलेला कचरा, थंड झाल्यावर काचेसारखी चकाकते. तिच्यात हिरवट, राखी आणि मधेच मोरपंखी झाक असते. सकाळी आठच्या तिरप्या उन्हात अगदी जवळून टिपणाऱ्या मॅक्रो लेन्सने तिचे रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले) फोटो काढायचे, त्यातला नखाएवढा भाग निवडायचा आणि तो स्मार्ट ऑब्जेक्ट करून ठेवायचा, म्हणजे त्यावर केलेला कोणताही फिल्टर पुढे केव्हाही बदलता येतो. मग दुसऱ्या एखाद्या फोटोचा, समजा गंजलेल्या पत्र्याचा, काळा-पांढरा नकाशा करून डिस्प्लेस फिल्टरने पहिला पोत त्याप्रमाणे सरकवायचा: नकाशातला उजळ भाग पिक्सेल एकीकडे ढकलतो, गडद भाग विरुद्ध दिशेला, आणि मधला राखी त्यांना जागेवर ठेवतो. त्यामुळे मळीच्या अंगावर गंजाच्या शिरा उठतात. इथपर्यंतचे काम दोन दिवसांचे. पुढचे दहा-बारा दिवस जातात ते मास्कवर ब्रश फिरवून यातले बरेचसे पुसण्यात; थर दिसतो की लपवला आहे हे फोटोशॉप त्याच्यापुढच्या डोळ्याच्या खुणेने दाखवते, आणि चाळीस थरांपैकी शेवटी आठ-नऊच डोळे उघडे ठेवून असतात.

‘पण हे आहे काय?’ हा प्रश्न रोजचाच आहे. नागपुरात १९२४ साली जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे यांनी मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकून पुढे रोलर आणि पॅलेट नाइफने (रंग लावण्याच्या पातळ सुरीने) जी चित्रे केली, त्यांच्यासाठी ‘अमूर्त’ हा शब्दही त्यांना मान्य नव्हता. ते ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणत. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४ मध्ये त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरवले. आमची त्यांच्याशी बरोबरी करण्याचा प्रश्नच नाही, पण आम्ही चित्रांना नावे देणे बंद केले ते त्यांच्याविषयी वाचल्यावरच. पूर्वी ‘सागरतळ’ असे नाव दिले की लोक त्यात मासे शोधत बसत.

दुसरा प्रश्न किमतीचा, आणि तो अधिक अवघड आहे, कारण डिजिटल फाईलच्या हव्या तेवढ्या प्रती निघू शकतात हे गिऱ्हाइकाला माहीत असते. म्हणून प्रत्येक चित्राच्या २५च प्रती, कॉटन पेपरवर पिगमेंट शाईने, आणि खालच्या कोऱ्या पट्टीवर पेन्सिलीने सही व क्रमांक, असा नेम आम्ही २०१६ पासून पाळत आलो आहोत. पंचविसावी गेली की फाईल बंद. सोफ्याच्या रंगाची सव्विसावी प्रत मागणाऱ्या एका इंटिरियर डिझायनरचे मोठे काम त्यापायी गेले, आणि त्या महिन्यात ते चांगलेच जाणवले. २०२२ नंतर ‘एआयने पटकन करून द्या’ असेही सांगणारे येतात. त्यांना आम्ही नकार देतो, पण उपदेश करत नाही; ते काम करून देणारी दुकाने याच गल्लीत आहेत.

सध्या एका वस्त्रोद्योगाच्या कार्यालयासाठी तीन भागांचे नऊ फुटी चित्र चालू आहे. मूळ पोत बिडाच्या मळीचाच आहे, आणि गिऱ्हाइकाने नेमका गडद निळाच मागितला आहे. पूर्ण छपाईआधी आम्ही सहा इंच रुंद पट्ट्या काढून उत्तरेच्या खिडकीजवळ टांगतो, आणि आण्णा दुपारचा चहा घेऊन त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसतात. तिसऱ्या पट्टीत मधल्या भागाच्या डाव्या कडेला अजून थोडा लाल आहे. चौथी पट्टी मंगळवारी काढणार आहोत.